नेट नेमके केव्हा जाते, हे विचारणारे दुकान

इंदूरच्या आर. एन. टी. मार्गावर सिल्वर मॉल आणि चेतक सेंटर या इमारतींच्या आसपास संगणकाचा बाजार आहे. त्याच रस्त्यावरच्या एका जुन्या संकुलात, दुसऱ्या मजल्यावर असलेल्या या दुरुस्तीच्या दुकानाची सेवा मी डिसेंबर महिन्यात घेतली. घरच्या संगणकावरील वाय-फाय वारंवार तुटत होते, हे गाऱ्हाणे होते. एकूण खर्च ४७० रुपये आला, माणूस सांगितल्या वेळेपेक्षा दोन दिवस उशिरा आला आणि बिघाड दूर झाला. एवढ्यावर ज्यांचे भागते त्यांनी पुढे वाचले नाही तरी चालेल. परंतु ज्यांच्या घरी मोबाइलवर नेट सुरळीत असते आणि संगणकावर मात्र ते येत-जात राहते, त्यांना या अनुभवातील बारकावे उपयोगी पडतील, म्हणून थोडे विस्ताराने लिहीत आहे.

आमचे घर रामबागेत आहे. घर जुने, भिंती चांगल्या दीड फूट जाडीच्या. फायबरची तार पुढच्या खोलीत येते, राउटर तिथेच खिडकीजवळ आहे, आणि संगणक त्याच्या पलीकडे दोन भिंती सोडून माजघरात. हा टेबलाखाली उभे कॅबिनेट असलेला संगणक आहे. त्यात मूळचे वाय-फाय नाही, म्हणून मागच्या बाजूस नखाएवढे डोंगल लावलेले आहे. गेले दीड वर्ष मी सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत तयार करण्याचे काम करीत आहे. होळकरांच्या चाकरीसाठी कोकणातून माळव्यात आलेल्या मंडळींचे मोडी कागद, जन्मपत्रिका, लग्नपत्रिका आणि जुनी छायाचित्रे स्कॅन करायची, मोडी वाचता येणाऱ्या पुण्याच्या वन्संना ती नेटवरून पाठवायची, त्यांनी सांगितलेला मजकूर टंकित करायचा आणि प्रत्येक गठ्ठा संपला की सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवायचे, असा माझा क्रम आहे. ही हार्ड डिस्क मुलाने गेल्या दिवाळीत आणून दिली. नेट तुटण्याचा त्रासही साधारण दिवाळीनंतरच सुरू झाला. पण या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नाही.

बिघाडाचे स्वरूप असे होते की संगणक सुरू केल्यावर नेट व्यवस्थित असे, मग मध्येच एखादे पान उघडता उघडता थांबे, कोपऱ्यातील वाय-फायच्या चिन्हाच्या जागी पृथ्वीचा गोल दिसू लागे, आणि पाच-दहा मिनिटांनी काहीही न करता सारे पूर्ववत होई. वन्संशी व्हिडिओवर बोलत असताना त्यांचा चेहरा अर्ध्या शब्दावर गोठत असे. त्याच खोलीत, त्याच क्षणी, माझ्या मोबाइलवर मात्र नेट उत्तम चालत असे.

या दुकानाकडे वळण्यापूर्वी दोन ठिकाणी प्रयत्न झाले होते, त्यांचा उल्लेख तुलनेसाठी आवश्यक आहे. पहिला माणूस इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने पाठविला. त्याने राउटरशेजारी उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर वेग मोजला, तो मला दाखविला आणि "हमारी तरफ से बराबर है" असे सांगून तो गेला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. घरापर्यंत येणारे नेट खरोखरच बरोबर होते. फक्त माझा प्रश्न घराच्या आतला होता आणि घराच्या आत तो आलाच नाही.

दुसरा माणूस मोबाइलवरून घरपोच कारागीर पाठविणाऱ्या एका सेवेतून आला. त्याने संगणकासमोर बसल्याबरोबर निदान केले की विंडोज १० बंद झाले आहे, त्यामुळे वाय-फाय जाते. संगणक फॉरमॅट करून नवे विंडोज टाकावे लागेल. कुलवृत्तांताचे काम आत असल्यामुळे मी फॉरमॅटला ठाम नकार दिला. मग त्याने सेटिंगमध्ये जाऊन संपूर्ण नेटवर्क रीसेट केले, त्यानेही फरक पडला नाही, तेव्हा राउटर कमकुवत असल्याचे सांगून १,८५० रुपयांचा नवा राउटर लावून दिला. नव्या राउटरचे नाव आणि पासवर्ड नवे असल्याने पुढचा सगळा दिवस घरातील चार मोबाइल, टीव्ही आणि प्रिंटर यांना एकेक करून पुन्हा जोडण्यात गेला. प्रिंटर तर दुसऱ्या दिवशी जोडला गेला. त्यानंतर दोन दिवसांनी, वन्सं एका सनदेतील नाव वाचून दाखवीत असताना, नेट पुन्हा गेले.

विंडोज १० विषयी पुष्कळ ठिकाणी अशी भीती घातली जात आहे, म्हणून इथेच सांगते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला हे खरे आहे. परंतु त्याचा अर्थ एवढाच की त्या तारखेनंतर सुरक्षेच्या नेहमीच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत. संगणक त्या दिवशी बंद पडत नाही आणि त्याचे वाय-फायही कोणी काढून घेत नाही. आर. एन. टी. मार्गावरील मुलाने मला हे तीन वाक्यांत समजावून सांगितले, आणि सुरक्षेसाठी पुढे विंडोज ११ चा विचार करावा लागेल, मात्र त्याचा या बिघाडाशी संबंध नाही, असे स्पष्ट वेगळे करून सांगितले. दोन गोष्टी एकत्र करून तिसरीचे पैसे घेण्याचा मोह त्याला झाला नाही, याची मी मनातल्या मनात नोंद केली.

आता दुकानाविषयी. मी प्रथम फोन केला तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी "सीपीयू लेकर आ जाइए" असे सांगितले. इंदूरच्या बहुतेक दुकानांत हेच सांगतात, कारण त्यांना ते सोयीचे असते. मी म्हणाले की बिघाड फक्त घरी दिसतो, दुकानात तो दिसेलच असे नाही. थोडी हुज्जत झाली. शेवटी घरी येण्याचे ३५० रुपये पडतील आणि माणूस गुरुवारी संध्याकाळपर्यंत येईल असे ठरले. तो आला शनिवारी दुपारी. मधल्या दोन दिवसांत मी तीन वेळा फोन केला आणि तिन्ही वेळा "बस, निकल ही रहा है" हे उत्तर मिळाले. या एका बाबतीत हे दुकान इतरांहून वेगळे नाही.

तरीही घरी बोलावण्याचा आग्रह धरला हे किती बरोबर होते, ते पुढे कळले. मी कॅबिनेट रिक्षात घालून दुकानात नेले असते तर सोबत हार्ड डिस्क नेली नसती, माउस नेला नसता, भिंती तर नेता आल्याच नसत्या. दुकानातल्या राउटरपासून चार हातांवर संगणकाला उत्तम नेट मिळाले असते, "काही बिघाड नाही" अशा शेऱ्यासह तो परत आला असता आणि घरी आल्यावर पुन्हा तोच खेळ सुरू झाला असता. तार नसलेल्या जोडणीचा अर्धा बिघाड घरातच राहतो. तो पिशवीत घालून नेता येत नाही.

आलेला मुलगा पंचविशीतला, सुदामा नगरचा, घरी मराठी बोलणारा निघाला. बसल्यावर त्याने संगणकाला हात लावण्याआधी विचारले, "काकू, नेट जातं तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता?"

मी म्हणाले, "काही नाही रे, माझं कुलवृत्तांताचं काम."

"ते काम म्हणजे काय काय? मला क्रमानं सांगा."

मी सांगितले. स्कॅन, पाठविणे, टंकन, मग हार्ड डिस्कवर उतरविणे. तो ऐकत होता आणि मध्ये एकदाच त्याने विचारले, "त्या वेळी माउस नीट चालतो?"

हा प्रश्न ऐकून मी चकित झाले. माउस गेले दोन महिने अडखळत होता. बाण मध्येच थबके आणि मग उडी मारून भलतीकडे जाई. सेल उतरले असावेत असे समजून मी तीन वेळा सेल बदलले होते. नेटच्या तक्रारीत माउसचा उल्लेख करावा असे मला कधी सुचले नव्हते, आणि आधीच्या दोघांनी विचारलेही नव्हते.

यानंतर त्याने जे केले ते पाहण्यासारखे होते, म्हणून क्रमवार सांगते. प्रथम त्याने पाहिले की नेट "गेलेले" असताना संगणकाला राउटरकडून नेटवर्कवरचा पत्ता (आयपी ॲड्रेस) मिळालेला आहे की नाही. पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि त्याने स्वतःच एक तात्पुरता घेतला, असे समजायचे. आमच्या संगणकाचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे राउटरने दिलेला होता. मग त्याने आज्ञा टंकण्याच्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) पिंग नावाची आज्ञा देऊन राउटरला सतत हाका मारण्याचे काम संगणकाला लावले. प्रत्येक हाकेला उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले, ते पडद्यावर ओळीमागून ओळ उमटू लागले: दोन, तीन, दोन, चार. बाहेरच्या नेटची चाचणी त्याने मुद्दाम नंतर ठेवली. त्याचे म्हणणे असे की घरातल्या घरात राउटरपर्यंतची हाकच पोहोचत नसेल तर बाहेरच्या कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, आणि ती पोहोचत असेल तर संगणक उघडण्यात अर्थ नाही.

मग तो मला म्हणाला, "आता रोजच्यासारखं डिस्कवर उतरवायला घ्या."

मी आदल्या दिवशीच्या स्कॅनचा गठ्ठा निवडून हार्ड डिस्कवर टाकला. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली आणि काळ्या खिडकीतील आकडे बदलले. तीनच्या जागी साठ झाले, मग दोनशे दहा, मग आठशेच्या वर, आणि मग उत्तर आलेच नाही, अशा चार ओळी लागोपाठ. कोपऱ्यात गोल दिसू लागला. त्याने मला माउस हलवायला सांगितले. बाण पडद्याच्या मध्यावर अडकून बसला होता. उतरविणे संपले तसे दहा-बारा सेकंदांत आकडे पुन्हा दोन-तीनवर आले आणि बाण मोकळा झाला. हा प्रयोग त्याने आणखी दोन वेळा करून दाखविला. माझा विश्वास पहिल्याच खेपेला बसला होता. पण त्याचा, असे दिसते, तिसऱ्या खेपेला बसला.

यावरही तो थांबला नाही. त्याच्या पिशवीत पंधरा मीटर लांबीची नेटवर्कची तार गुंडाळून ठेवलेली होती. ती पुढच्या खोलीतल्या राउटरपासून, उंबरठ्यावरून आणि देवघरासमोरून, माजघरातल्या संगणकापर्यंत जमिनीवरून आणून जोडली, वाय-फाय बंद केले आणि पुन्हा डिस्कवर गठ्ठा उतरवायला लावला. या वेळी आकडा एकच राहिला, तोही एक मिलिसेकंदाच्या आतला; डिस्क चालू असतानाही तो हलला नाही. एवढ्याने कंपनी, राउटर आणि विंडोज असे तिघेही आरोपी निर्दोष सुटले. उरले फक्त हवेतले अंतर आणि ते डोंगल.

त्यानंतर त्याने मला जे दाखविले ते मला सर्वांत आवडले. विंडोज १० आणि ११ या दोन्हींत वाय-फायचा मागील तीन दिवसांचा अहवाल तयार करण्याची सोय आहे. व्यवस्थापकाच्या अधिकाराने काळी खिडकी उघडून एका ओळीची आज्ञा दिली की जोडणी केव्हा झाली आणि केव्हा तुटली याचा आलेख असलेले पान तयार होते. त्यात शुक्रवारी सकाळी ११ वाजून ४२ मिनिटांनी आणि दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी जोडणी तुटल्याच्या खुणा होत्या. मग त्याने हार्ड डिस्कवरील फोल्डर उघडून, फाइल तिथे तयार झाल्याची वेळ दाखविणारा रकाना पुढे आणला. एखादी फाइल दुसरीकडे उतरविली की तिच्यातील बदलाची जुनी वेळ तशीच राहते, पण नव्या ठिकाणी ती तयार झाल्याची वेळ उतरविण्याच्या क्षणाची पडते. माझ्या नवऱ्याच्या पणजोबांची मुंज झाल्याची नोंद असलेला कागद डिस्कवर ११ वाजून ४१ मिनिटांनी गेला होता. दुपारचा गठ्ठा ४ वाजून ९ मिनिटांनी. कागदोपत्री पुरावा शोधण्यात माझे दीड वर्ष गेले आहे, त्यामुळे या जुळणीचे मोल मला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

कारण असे आहे. आपल्या घरातील जुने वाय-फाय, तार नसलेला माउस आणि ब्लूटूथ, हे सर्व २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात; भारतात हा पट्टा २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला झाला, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही त्याच भागात काम करतो. दुसरीकडे, यू. एस. बी. ३.० हा जोड २००८ पासूनचा. त्यातून माहिती सेकंदाला पाच गिगाबिट या वेगाने धावते. या धावण्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर गळतो, तो दूरवर पसरलेल्या कंपनसंख्यांत विखुरलेला असतो आणि त्याचा काही भाग नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पडतो. इंटेल कंपनीने २०१२ मध्ये या विषयावर एक तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते, म्हणजे ही गोष्ट नवी किंवा गुप्त अजिबात नाही. गळती जोडापासून होते, वायरीपासून होते आणि डिस्कच्या पेटीपासूनही होते. वायरीवरचे आवरण जितके कच्चे तितकी ती जास्त. आमच्या कॅबिनेटच्या मागे निळ्या रंगाच्या, म्हणजे यू. एस. बी. ३.० च्या, दोन खाचा एकाखाली एक आहेत. वरच्या खाचेत डोंगल, खालच्या खाचेत हार्ड डिस्कची वायर, मध्ये बोटभर अंतर. तार नसलेल्या माउसचे संदेश घेणारा छोटा तुकडाही बाजूलाच.

त्या मुलाने ही गोष्ट एका वाक्यात सांगितली: "काकू, वरातीत बँडच्या शेजारी उभं राहून फोनवर बोलण्यासारखं आहे, समोरच्याचा आवाज कमी झालेला नसतो, आपल्याला ऐकू येत नसतं." म्हणूनच रेंजच्या दांड्या पुष्कळदा पूर्ण दिसत राहतात आणि तरीही नेट चालत नाही. मोबाइलचे तसे होत नव्हते, कारण तो बँडपासून दूर, माझ्या हातात असे. शिवाय तो नव्या राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरही जाऊ शकत होता, जिथे हा गोंगाट पोहोचत नाही.

इथे मी स्वतःच म्हणाले की मग मला ५ गिगाहर्ट्झचे डोंगल द्या. पैसे खर्च करण्याची माझी तयारी होती. दुकानाचा माल विकला जाण्याची ती आयती संधी होती. त्याने माझा मोबाइल घेतला, माजघरात टेबलापाशी धरला आणि दाखविले की ५ गिगाहर्ट्झवर दोन भिंतींआड एकच दांडी उरते. राउटर दोन्ही पट्ट्यांचा आहे, पण जुन्या जाड भिंतींतून २.४ जास्त आत पोहोचते, तेव्हा आधी स्वस्तातला उपाय करून पाहू आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर डोंगल बदलू, असे तो म्हणाला. उपाय म्हणजे एक मीटर लांबीची यू. एस. बी. एक्स्टेन्शन वायर, १२० रुपयांची. तिचे एक टोक कॅबिनेटच्या पुढच्या काळ्या खाचेत, म्हणजे यू. एस. बी. २.० मध्ये घातले आणि दुसऱ्या टोकाला डोंगल लावून ते टेबलावर, पडद्याच्या कडेला चिकटपट्टीने बसविले. माउसचा तुकडाही पुढे आणला. डिस्क मागे निळ्या खाचेतच राहू दिली, कारण ती काळ्या खाचेत लावली असती तर गोंगाट टळला असता पण उतरविण्याचा वेग बराच घटला असता. मग पुन्हा तोच प्रयोग: गठ्ठा उतरवायला घेतला, काळ्या खिडकीत तीन, चार, तीन, पाच. गोल दिसला नाही. बाण मऊसूत फिरत राहिला.

पत्र्याच्या कॅबिनेटच्या मागे, टेबलाखाली, भिंतीला लागून बसलेले डोंगल तसेही कोपऱ्यात तोंड खुपसून बसल्यासारखे होते, हेही त्याने जाता जाता सांगितले. ते टेबलावर आल्यामुळे रेंजही एका दांडीने वाढली आहे.

बाकीची कामे किरकोळ होती आणि त्यांचे वेगळे पैसे त्याने लावले नाहीत. डोंगलच्या गुणधर्मांत वीज वाचविण्यासाठी उपकरण बंद करण्याची जी परवानगी संगणकाला दिलेली असते ती त्याने काढली. आजूबाजूच्या घरांतील चौदा राउटर त्याच्या मोबाइलवर दिसत होते, २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ या तीनच वाहिन्या एकमेकींवर न चढता राहू शकतात, त्यांपैकी त्यातल्या त्यात मोकळी असलेली ११ त्याने निवडून दिली. आणि एक गोष्ट त्याने अशी सांगितली, जी आधी कळली असती तर माझा एक दिवस वाचला असता: राउटर बदलताना नव्या राउटरला जुन्याचेच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला, तर घरातील मोबाइल, टीव्ही आणि प्रिंटर सहसा आपोआप जोडले जातात.

दुकानाविषयीच्या तक्रारीही लिहिल्या पाहिजेत. उशिराचे मी वर सांगितलेच आहे. पावती मागितल्याशिवाय मिळाली नाही, आणि मिळाली तिच्यावर "वाय-फाय सर्व्हिस, ३५० + १२०" एवढेच लिहिलेले होते. बिघाड काय होता आणि काय केले, हे दोन ओळींत लिहून देण्याची पद्धत त्यांनी ठेवली तर पुढच्या वेळी दुसरा कोणी आला तरी त्याला शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. मी स्वतः माझ्या वहीत ते लिहून ठेवले आहे. पुढची खाच तपासण्यासाठी त्याने कॅबिनेटचे झाकण उघडले होते. तो गेल्यावर एक स्क्रू टेबलावर राहिलेला सापडला. दुकानात फोन उचलणारे गृहस्थ आणि घरी येणारा मुलगा यांच्या समजुतीत मोठी तफावत आहे. फोनवर अजूनही प्रत्येकाला सीपीयू आणायला सांगितले जात असेल, तर या मुलाची हुशारी निम्म्या गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचणारच नाही, कारण अशा बिघाडांत दुकानातल्या टेबलावर त्यालाही काही दिसणार नाही.

पैशांच्या दृष्टीने पाहिले तर १२० रुपयांची वायर कोणीही सिल्वर मॉलमधून आणून लावू शकेल आणि ३५० रुपये जास्त वाटतील. मला ते वाटले नाहीत. तो सव्वा तास आमच्याकडे होता. त्यातली पन्नास मिनिटे बिघाड कुठे नाही हे ठरविण्यात गेली आणि वायर लावायला पाच मिनिटेही लागली नाहीत. ३५० रुपये त्या पन्नास मिनिटांचे होते. आधीच्या कारागिराने अर्ध्या तासात १,८५० चा राउटर खपविला आणि निदानाचे काहीच घेतले नाही, कारण त्याने ते केलेच नव्हते.

आता सहा आठवडे झाले आहेत. या काळात मी तो तीन दिवसांचा अहवाल स्वतः चार वेळा काढून पाहिला. आज्ञा त्याने माझ्या वहीत देवनागरीत उच्चारासकट लिहून दिली होती. एकदाच तुटल्याची खूण आढळली, आणि ती वेळ आमच्या गल्लीतील वीज गेल्याची होती. डोंगल बदलण्यासाठी दुकानात जावे लागले नाही. स्क्रू मात्र अजून टेबलाच्या खणात आहे. चिकटपट्टी एकदा सुटून डोंगल पडद्यामागे लोंबकळत होते, तेव्हा नातवाने ते पुन्हा चिकटविले. ज्यांना हे कायमचे करायचे असेल त्यांनी वायरीसोबत बसण्याची छोटी चौकट मिळते ती मागून घ्यावी, दुकानदार स्वतःहून देत नाही.

पाचपैकी चार गुण. जाणाऱ्यांनी फोनवरच घरभेटीचे नक्की ठरवावे, सीपीयू उचलून नेऊ नये, आणि माणूस येईल त्या दिवशी संगणकाला रोज जे जे जोडलेले असते ते सगळे तसेच जोडून ठेवावे. आवरून ठेवलेले टेबल त्याच्या काहीच कामाचे नाही.